‘नाताळ’, ‘बडा दिन’ आणि उत्तरायण

रायपुरात डिसेंबरच्या २५ तारखेला दोन नावे आहेत. मराठी घरांत तो दिवस ‘नाताळ’ म्हणून ओळखला जातो. बाजारात, शाळांत आणि हिंदी-छत्तीसगढी बोलणाऱ्यांच्या तोंडी तो ‘बडा दिन’ होतो. कोशकार हे दोन शब्द पर्याय म्हणून शेजारी मांडील. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्याला मात्र ‘पर्याय’ या कल्पनेविषयी थोडा संशय बाळगावाच लागतो. कारण एकाच वस्तूची दोन नावे एकच गोष्ट सांगतात असे क्वचितच आढळते. या दोन नावांच्या मागे जाऊ लागले की युरोपातील विद्वानांनी शतकभर घातलेला एक वाद आपल्या दारात येऊन उभा राहतो : उत्तरायणारंभाच्या सुमारास पाळल्या जाणाऱ्या प्राचीन लोकाचारांचा आणि ख्रिस्तजन्माच्या उत्सवाचा संबंध नेमका काय आहे?

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर आला. पोर्तुगीज ‘नाताल’ हा लॅटिन ‘नातालिस’चा वंशज, आणि ‘नातालिस’ म्हणजे जन्मदिवस. ‘बडा दिन’ची कथा निराळी आहे. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात तो शब्द युरोपीय लोकांचा मोठा सण, विशेषतः ख्रिसमस, या अर्थाने नोंदलेला आहे. ‘बडा’ म्हणजे येथे थोर, महत्त्वाचा. परंतु आज सामान्य माणसाला या नावाचे कारण विचारले, तर तो बहुधा सांगतो की या दिवसापासून दिवस मोठा होऊ लागतो, म्हणून बडा दिन. व्युत्पत्ती म्हणून हे उत्तर टिकणारे नाही. त्या सुमाराचा दिवस तर वर्षातील सर्वांत लहान दिवसांपैकी एक असतो. तथापि हे उत्तर तुच्छ लेखण्यासारखेही नाही. ज्या नावात सूर्याचा लवलेश नव्हता, त्यात लोकमानसाने सूर्य आणून बसविला. सण आणि सूर्य यांचा संबंध कित्येकदा असाच, मागाहून, जोडला जातो. प्रस्तुत प्रश्नाचा विचार करताना ही शक्यता सतत ध्यानात ठेवावी लागते.

प्रचलित समजूत अशी की नाताळ हा मुळात सूर्याचा सण. ख्रिस्ती धर्माने तो रोमन लोकांकडून उचलला आणि त्यावर आपले नाव घातले. ही समजूत सर्वस्वी खोटी नाही, पण तिच्यात तीन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली आहे. सणाची तिथी, सणाचे आचार आणि सणाचा अर्थ या तिहींचा इतिहास एकच असतो असे गृहीत धरण्यास काहीही आधार नाही. ते वेगवेगळे करून पाहिले पाहिजेत.

प्रथम तिथी. इ. स. पूर्व ४५ पासून अमलात आलेल्या सीझरच्या पंचांगात हिवाळी अयनदिन, म्हणजे सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे वळण्याचा दिवस, परंपरेने २५ डिसेंबरला मानला जात असे. इ. स. २७४ मध्ये सम्राट ऑरेलियन याने रोममध्ये ‘अजिंक्य सूर्या’चे देवालय उभारले. पुढे इ. स. ३५४ च्या एका सचित्र पंचांगात २५ डिसेंबरपुढे ‘अजिंक्याचा नातालिस’ अशी नोंद असून त्या दिवशी रथांच्या तीस शर्यती व्हाव्यात असे लिहिले आहे. त्याच ग्रंथातील हुतात्म्यांच्या यादीत, जिचे मूळ इ. स. ३३६ पर्यंत नेता येते, याच तारखेला बेथलेहेम येथे ख्रिस्ताचा जन्म झाल्याचे म्हटले आहे. एकाच ग्रंथाच्या दोन पानांवर, एकाच तारखेपुढे, दोन जन्म! कोकणच्या किनाऱ्यावर मराठीत शिरलेल्या ‘नाताळ’ शब्दाचे मूळ असे त्या दोन्ही जन्मांच्या सीमेवर आहे.

येथपर्यंत प्रचलित समजुतीला बळकटी आल्यासारखे वाटते. परंतु हा पुरावा पहिल्या दृष्टिक्षेपात दिसतो तितका सरळ नाही. रोमन व्यवहारात ‘नातालिस’ हा शब्द देवालयाच्या प्रतिष्ठापनेच्या वर्धापनदिनालाही लावीत, आणि ख्रिस्ती मंडळी तो हुतात्म्याच्या मृत्युदिनाला लावीत, कारण त्यांच्या मते तोच त्याचा स्वर्गातील जन्म. तेव्हा पंचांगातील तो ‘नातालिस’ सूर्याच्या जन्माचा की त्याच्या मंदिराचा, हे केवळ शब्दावरून ठरत नाही. दुसरे असे की सूर्याच्या उत्सवाची २५ डिसेंबर ही तारीख निःसंदिग्धपणे देणारा सर्वांत जुना उपलब्ध लेख हाच, म्हणजे ३५४ चा. आणि ख्रिस्तजन्माची नोंद त्याहून अर्वाचीन नाही. मित्रदेवाचा जन्मही २५ डिसेंबरचा, असे अनेक लोकप्रिय पुस्तकांत छापलेले असते. त्याला प्राचीन आधार मिळत नाही.

हा वाद आधुनिक स्वरूपात मांडला गेला तो १८८९ मध्ये, आणि योगायोग असा की दोन्ही पक्ष एकाच वर्षी ग्रंथरूपाने पुढे आले. जर्मन पंडित हेर्मान उझेनर याने सूर्योत्सवाच्या प्रभावाचा पक्ष मांडला. तर फ्रेंच धर्मेतिहासकार लुई द्युशेन याने गणिताचा पक्ष मांडला. ख्रिस्ताचा मृत्युदिन २५ मार्च हा मानला जात होता. थोर पुरुषाचे आयुष्य पूर्ण वर्षांचे असते या समजुतीने गर्भधारणाही त्याच दिवशी धरली गेली. आणि त्यात नऊ महिने मिळविले की २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडील चर्चमध्ये मृत्युदिन ६ एप्रिल धरीत, त्यामुळे तेथे ६ जानेवारी आला. दोन्ही पक्षांना अनुयायी आहेत आणि त्यांचा पूर्ण निकाल लागलेला नाही. परंतु एक गोष्ट उभयपक्षी मान्य व्हावी : चौथ्या-पाचव्या शतकांतील ख्रिस्ती लोकांना सूर्याचे हे सान्निध्य ठाऊक होते आणि ते काहींना आवडत होते, काहींना खुपत होते. पाचव्या शतकाच्या मध्यास पोप लिओ पहिला याने आपल्या प्रवचनात, संत पेत्राच्या मंदिराच्या पायऱ्या चढताना मागे वळून उगवत्या सूर्याला नमस्कार करणाऱ्या भाविकांना दोष दिला आहे. तो नमस्कार करणारे स्वतःला ख्रिस्तीच समजत होते. धर्मशास्त्र आणि लोकाचार यांतील अंतर मोजण्यास याहून चांगले माप मिळणे कठीण.

आणखी एक गोष्ट खगोलाची आहे. सीझरचे वर्ष खऱ्या वर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठे होते. म्हणून सुमारे १२८ वर्षांत एक दिवस या प्रमाणात अयनदिन मागे सरकत गेला. ज्या चौथ्या शतकात ख्रिस्तजन्म २५ डिसेंबरला स्थिर झाला, त्या शतकात सूर्य प्रत्यक्षात त्याच्या चार-एक दिवस आधीच वळत होता. १५८२ मध्ये पोप ग्रेगरी तेरावा याने पंचांगातून दहा दिवस गाळले, ते इ. स. ३२५ च्या नायसिया येथील धर्मपरिषदेच्या काळाशी मेळ बसविण्यासाठी, सीझरच्या काळाशी नव्हे. त्यामुळे अयनदिन आज २१ किंवा २२ डिसेंबरला पडतो. म्हणजे २५ डिसेंबर ही तारीख ख्रिस्ती झाली तेव्हाच ती आकाशातली राहिली नव्हती, पंचांगातली झाली होती.

आता आपल्याकडे वळू; कारण हीच गोष्ट आपल्या मकरसंक्रांतीचीही आहे. वेदांगज्योतिषात उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी सांगितला आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत नमूद केले आहे की पूर्वीच्या शास्त्रांत अयन धनिष्ठेच्या आरंभी सांगितले असले तरी आता ते मकरेच्या आरंभी होते, आणि हे प्रत्यक्ष पाहून पडताळावे. प्राचीन वचनापुढे डोळ्यांचा पुरावा ठेवण्याचे हे धैर्य विलक्षणच म्हटले पाहिजे. परंतु वराहमिहिराच्या ‘आता’लाही काळाची मर्यादा होतीच. अयनचलनामुळे सुमारे ७२ वर्षांत एक अंश या गतीने नक्षत्रचक्र आणि ऋतुचक्र यांत अंतर पडत गेले. ते आज सुमारे २४ अंशांचे आहे, आणि म्हणून संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. सूर्य उत्तरेकडे वळून तेव्हा तीन आठवड्यांहून अधिक काळ लोटलेला असतो.

मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांगसुधारणा समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला आणि २२ मार्च १९५७ पासून भारताचे राष्ट्रीय पंचांग सुरू झाले. त्यात पौषाची पहिली तारीख २२ डिसेंबरला येते. म्हणजे शासकीय पौषाचा आरंभ आणि उत्तरायणारंभ यांचा मेळ घालून दिलेला आहे. लोकांनी त्याचे काय केले? राजपत्रावर ती तारीख छापली गेली. तिळगूळ मात्र जानेवारीतच वाटला जात राहिला. हे अज्ञान नव्हे. ज्यांना अयनचलन उत्तम समजते अशा घरांतही सुगडी जानेवारीतच पूजली जातात. तिथी एकदा लोकांच्या हातात गेली की ती सूर्याची राहत नाही, पूर्वजांची होते. रोममध्ये जे घडले तेच येथे घडले, आणि दोघांनी एकमेकांकडून काही घेतले होते असे मानण्याची गरज नाही.

आता आचार. रोममध्ये १७ डिसेंबरपासून ‘सातुर्नालिया’ हा उत्सव चाले. न्यायालये बंद असत, धनी आपल्या दासांना पंक्तीला बसवी, मेणबत्त्या आणि मातीच्या लहान मूर्ती भेटीदाखल देत. नाताळातील दिवे आणि भेटवस्तू येथून आल्या असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु वैदिक वर्षसत्राच्या अखेरीस येणारे ‘महाव्रत’ पाहा. त्यात होता झोपाळ्यावर बसतो, नगारे वाजतात, डोक्यावर पाण्याचे कुंभ घेऊन स्त्रिया फेर धरतात, आर्य आणि शूद्र एका गोल चामड्यासाठी लटकी झटापट करतात, आणि ते गोल चामडे म्हणजे सूर्य, असे ब्राह्मणग्रंथच सांगतात. एरवी निषिद्ध असलेली शिवीगाळही त्या दिवशी विधीचा भाग होते. महाव्रताचा संबंध उत्तरायणाशी अभ्यासकांनी जोडला आहे, आणि कौषीतकी ब्राह्मणात तर वळण्यापूर्वी सूर्य थबकतो असे वर्णनच येते. वर्षाच्या सांध्यावर नेहमीची उतरंड क्षणभर मोडावी, ही कल्पना रोम आणि वैदिक भारत या दोन्ही ठिकाणी दिसते. साम्य स्पष्ट आहे. वंशसंबंध सिद्ध नाही. साम्य म्हणजे संतती नव्हे, हा नियम तौलनिक अभ्यासाला व्याकरणाइतकाच आवश्यक आहे.

उत्तर युरोपातही हाच नियम लावला पाहिजे. इंग्रज भिक्षू बीड याने इ. स. ७२५ मध्ये लिहून ठेवले की पूर्वीचे इंग्रज २५ डिसेंबरला वर्ष सुरू करीत आणि त्या रात्रीला ‘मातांची रात्र’ म्हणत. हा खरोखर मौल्यवान दुवा आहे. परंतु नॉर्वेतील ‘यूल’ सणाविषयी तेराव्या शतकातील स्नोरी सांगतो की तो पूर्वी जानेवारीतल्या मध्यहिवाळ्याच्या रात्री सुरू होई, आणि दहाव्या शतकातील राजा हाकोन याने तो ख्रिस्ती लोकांच्या नाताळाबरोबर आणला. म्हणजे येथे नाताळ अयनदिनाच्या सणावर बसला नाही. जुना सणच नाताळाकडे सरकला. शृंगारलेल्या वृक्षाला तर सर्रास आदिम मानतात. त्याच्या नोंदी मात्र सोळाव्या शतकापासून, ऱ्हाईन नदीकाठच्या आल्सास प्रदेशातून मिळू लागतात. प्राचीन दिसणारी प्रत्येक गोष्ट प्राचीन असतेच असे नाही.

केवळ तारखेच्या जवळिकीवरून अनुमान काढणे किती धोक्याचे आहे, याचे उत्तम उदाहरण छत्तीसगढात आहे. १८ डिसेंबर हा गुरू घासीदास यांचा जयंतीदिन. परंपरेने त्यांचा जन्म १७५६ मध्ये गिरौदपुरी येथे झाला असे मानतात. त्या दिवशी सतनामी वस्त्यांत जैतखांबावर नवे पांढरे निशाण चढते, पंथी नृत्ये होतात. हजार वर्षांनंतर एखाद्या संशोधकाच्या हाती फक्त पंचांग आणि खांबाचे चित्र आले, तर तो खुशाल लिहील की अयनदिनाच्या आठवड्यात श्वेत स्तंभ उभारण्याचा हा प्राचीन सूर्यविधी होय! सत्य असे की तो एका ऐतिहासिक पुरुषाचा जन्मोत्सव आहे, आणि सर्व माणसे समान आहेत या त्यांच्या शिकवणुकीची ती ध्वजा आहे.

छत्तीसगढाचा खरा हिवाळी लोकोत्सव म्हणजे पौष पौर्णिमेचा ‘छेरछेरा’. मुले आणि मोठी माणसे टोपल्या घेऊन दारोदार जातात, ‘छेरछेरा’ अशी हाक देतात, आणि घरधनीण कोठीतले धान सुपाने ओतते. त्या दिवशी मागण्यात कमीपणा नाही आणि नाकारण्यात शोभा नाही. रतनपूरचा राजा कल्याणसाय मोगल दरबारातून परतला, त्या आनंदात ही प्रथा सुरू झाली, अशी आख्यायिका सांगतात. इंग्लंडमध्ये २१ डिसेंबरला, म्हणजे संत थॉमसच्या जुन्या सणदिवशी, गरीब स्त्रिया दारोदार जाऊन गहू मागत असत. रायपूर आणि इंग्लंडमधील खेडी यांच्यात या बाबतीत देवाणघेवाण झाली असे कोणी म्हणणार नाही. दोन्हीकडे कारण एकच : पीक घरात आलेले असते, ते सर्वांच्या घरात सारखे आलेले नसते, आणि ही विषमता निदान एका दिवसापुरती उघडपणे मान्य करावी लागते.

येथे अक्षांशाचाही विचार हवा. अयनदिनी लंडनला सूर्य जेमतेम आठ तास असतो. रायपुरात पावणेअकरा तासांहून थोडा अधिक. उत्तरेकडील माणसाला वाढत्या अंधाराचे भय वाटावे हे स्वाभाविक आहे. महानदीच्या खोऱ्यात पौष हा भयाचा नव्हे, भरल्या कोठीचा महिना आहे. म्हणून येथील सणाने सूर्याचे वळण धरले नाही. पौर्णिमेचे चांदणे आणि धान धरले. अयनदिनाचे लोकाचार सर्व मानवजातीत सारखेच असले पाहिजेत, हा उत्तरेच्या विद्वानांचा समज त्यांच्या हवामानातून आलेला आहे.

राहिला अर्थ, आणि या वादात खरोखर पणाला लागते ते येथेच. ‘मूळ’ हा शब्द आपल्याकडे मालकीच्या कागदासारखा पुढे केला जातो. जर्मन वंशाचे मिशनरी ऑस्कर लोर १८६८ मध्ये छत्तीसगढात आले आणि त्यांनी विश्रामपूर वसविले. तेथे नाताळ साजरा होऊ लागल्याला दीड शतक उलटून गेले. त्या गावातील मनुष्याला एक जण सांगतो, हा सण परदेशी आहे. दुसरा सांगतो, हा मुळात ख्रिस्ती नाहीच. दोन्ही विधाने एकमेकांना छेद देतात, पण त्यांचे फलित एकच : त्या माणसाच्या हातातून त्याचा सण काढून घ्यायचा. हाच न्याय संक्रांतीला लावला तर तीही आपली उरणार नाही, कारण ज्या राशिचक्रातील मकरेवरून तिला नाव मिळाले, ते बारा राशींचे चक्र ग्रीकांच्या ज्योतिषाबरोबर आले, असे बहुतेक इतिहासकार मानतात.

मराठी परंपरेने या प्रश्नाला वादापेक्षा चांगले उत्तर दिलेले आहे. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स याने १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे ख्रिस्तपुराण छापले, ते ओवीत. आणि त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटले. १८९३ मध्ये राजनांदगावला जाण्यासाठी निघालेल्या नारायण वामन टिळकांना आगगाडीत एक युरोपीय सहप्रवासी भेटला आणि त्यांच्या आयुष्याला वळण लागले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यांनी भजन सोडले नाही, कीर्तन सोडले नाही. ख्रिस्ताला त्यांनी मराठी भक्तीच्या भाषेत आणले. आज मराठी ख्रिस्ती घरांत नाताळाला करंज्या होतात आणि दारावर कागदी तारा लागतो, तेव्हा त्या करंज्यांचे मूळ सातुर्नालियात शोधण्याचे कारण नाही. ते शेजारच्या दिवाळीत आहे. सण तिथी दुरून आणतो, पण आचार तो बहुधा शेजारघरून घेतो.

पोप ग्रेगरी पहिला याने इ. स. ६०१ मध्ये इंग्लंडातील धर्मप्रसारकांना कळविले होते की जुनी देवालये पाडू नका, लोकांच्या मेजवान्या बंद करू नका; त्यांना नवा हेतू द्या. गोव्यातील धर्मन्यायालयाने १७३६ च्या फर्मानाने धर्मांतरितांच्या अनेक देशी चालीरीतींवर बंदी घातली. दोन्ही आज्ञा एकाच धर्मसंस्थेच्या. पहिलीने लोकाचाराशी करार केला, दुसरीने त्याच्याशी युद्ध केले. कित्येक जुन्या चाली त्या बंदीतूनही तगल्या, ही गोष्ट लोकजीवनाच्या अभ्यासकाने विसरू नये.

अयनदिन आणि नाताळ यांचा संबंध आहे, तो तिथीच्या सान्निध्याचा आणि अर्थाच्या देवघेवीचा आहे. बाप-लेकाचा आहे असे सिद्ध झालेले नाही. ‘नाताळ’ या शब्दाला सूर्याचा शेजार इतिहासाने दिला, ‘बडा दिन’ या शब्दाला तो लोकांनी आपण होऊन दिला. यांपैकी पहिला तेवढा खरा आणि दुसरा भ्रम, असे भाषेच्या अभ्यासकाला म्हणता येणार नाही. रोममधल्या त्या पायऱ्यांवर मागे वळून सूर्याला हात जोडणारा भाविक आणि दिवस मोठा होतो म्हणून बडा दिन असे सांगणारा रायपूरचा दुकानदार एकाच रीतीने अर्थ लावीत आहेत. आणि सण शतकानुशतके टिकतात ते बहुधा याच रीतीने.